कापूस चिकटलेलं दार

मे सरता सरता ताजिकिस्तानातल्या खुजंद शहरात पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडू लागतो. नदीकडून तो संथपणे येतो, गल्ल्यांमध्ये साचतो, चहाच्या पेल्यातही उतरतो. ओल्या रंगाला तो चिकटतो, म्हणून त्या दिवसांत कुठलाच रंगारी दाराला हात लावत नाही. सगळे चहाखान्याबाहेरच्या बाजेवर सोंगट्या खेळत बसतात आणि एकमेकांवर खेकसतात.

उस्तो, म्हणजे उस्ताद, नोर्मत त्यांच्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात तिरसट. त्या भागातली निम्मी दारं त्याच्या हातची. त्यातलं एखादं कुणी वाजवलं, की त्याला आपलीच पाठ थोपटल्यासारखं वाटे.

अशाच एका सकाळी सफरगुल नवऱ्याला घेऊन बाजेपाशी आली. दोघं डोंगरातल्या गावातून नुकतीच खाली उतरली होती. गल्लीच्या टोकाचं घर त्यांनी घेतलं होतं.

"उस्तो, दाराचा जुना निळा रंग काढून लाकूड उजळायचंय. कसं करू?"

"तू करणार?" नोर्मतने सोंगटी आपटली. "मग आम्ही काय शेळ्या राखायच्या?"

"राखा की. येत नसेल तर मी शिकवते."

बाज हसून हसून हलली. नोर्मत तेवढा हसला नाही.

"रंग खरवडून काढ," तो शांतपणे म्हणाला. "मग जवसाचं कच्चं तेल आण. दोन हात दे, चांगले जाड. आजच दे, ऊन छान आहे."

सोंगट्या थांबल्या. कच्चं तेल आठवडेच्या आठवडे वाळत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी तोंड उघडलं नाही. नवऱ्याने छातीवर हात ठेवून आभार मानले.

ओल्या तेलावर कापूस चिकटून दोन दिवसांत त्या दाराची मेंढी झाली. अख्खी गल्ली बघायला लोटली. सफरगुल रडली नाही, भांडली नाही. विचारील त्याला एवढंच सांगे, "उस्तो नोर्मतनं सांगितलं तसं केलं."

मग तिचं नाव मागे पडलं आणि लोक त्याला नोर्मतचं दार म्हणू लागले. नानवाल्याने भर बाजारात हाक मारली, "उस्तो, हिवाळ्याच्या आत माझ्याही दाराला लोकर लावा!"

नोर्मत तसाच घरी गेला आणि रंग खरवडायची पत्री घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"माझं नाव का घेतेस? हात तुझा होता."

"हात माझाच. शब्द कुणाचे होते?"

तो कामाला लागला. दारापुढे ओली चादर टांगली, म्हणजे कापूस आत यायला नको. लोकर आणि तेल खरवडलं, टर्पेंटाइनने पुसलं, लाकडाच्या रेषेरेषेने काचपेपर फिरवला. मग लवकर वाळणाऱ्या, उकळलेल्या तेलात फडकं बुडवून, घट्ट पिळून, अगदी पातळ हात घासायला घेतला.

घरी आलेल्या उस्तोपुढे आधी नान आणि चहा ठेवायचा, अशी तिथली रीत. सफरगुलने किटली आणली, एकच पेला भरला आणि समोर बसून स्वतःच प्यायली. नवरा दुसरा पेला आणायला वळला. "बसा," ती म्हणाली.

नोर्मतने तिच्याकडे पाठ केली. ती उठून दुसऱ्या बाजूला बसली.

"काय बघतेस?"

"माझं दार."

त्याने फडक्याची घडी घातली, तशी तिची बोटंही गुडघ्यावर दुमडली. तेव्हा त्याला कळलं, ती त्याचं काम शिकत होती. हातातलं टाकून निघून जावं, असं त्याच्या मनात आलं. पण अर्धवट दारही नोर्मतचंच म्हटलं गेलं असतं. त्याने दात आवळून काम पुरं केलं. लाकूड मधासारखं उजळलं. तो सलाम न करता गेला, तीही उठली नाही.

कापूस संपला. रंगारी बाजाराच्या कोपऱ्यावर कामाची वाट बघत उभे राहू लागले. एके सकाळी सफरगुल पत्री फडक्यात गुंडाळून आली आणि नोर्मतच्या शेजारी उभी राहिली.

"ही जागा रंगाऱ्यांची आहे," तो गुरगुरला.

"म्हणून तर आले."

एक गिऱ्हाईक आलं. "गल्लीच्या टोकाचं दार पाहिलं. तसं करायचंय."

"मी करते," सफरगुल म्हणाली.

गिऱ्हाईक नोर्मतकडे वळलं. "उस्तो, हिला येतं का?"

 नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण हिला येत नाही म्हणावं, तर ती समोर बसून त्याच्याच हाताकडे बघत शिकली होती; कमीपणा त्यालाच आला असता. त्याने तोंड मिटलं. तो लांब थुंकला आणि रस्त्याकडे बघत राहिला.

नकार आला नाही, म्हणून गिऱ्हाइकाने तिला चलण्याची खूण केली. जाताना तिने नोर्मतकडे वळूनही पाहिलं नाही.