प्रत्येक पानावर श्री

त्या वर्षी देवाशी माझं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. दिवा लागत होता, पूजा होत होती, पण आतून मी रुसले होते. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला मी तिसऱ्यांदा बसत होते आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती. आधीच्या दोन्ही वेळा पूर्वपरीक्षेतच गळले होते. दिवसभर मुलुंडच्या कोर्टात मोठ्या वकिलांच्या मागे फायली घेऊन उभं राहायचं, संध्याकाळी घाटकोपरच्या अभ्यासिकेत मान मोडून बसायचं, आणि घरी आलं की आईचा प्रश्न ठरलेला, "झालो अभ्यास?" बरोबरीच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जायला लागली होती. गावच्या रवळनाथाला मी साक्षीदाराला विचारावं तसं दरडावून विचारायची, एवढं तुझं नाव घेते, ते पोचतं तरी का?

नाव घेते म्हणजे खरं तर लिहिते. माझे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले. मी पहिलीत गेले तेव्हा त्यांनी माझ्या वहीत पानाच्या वर, अगदी मधोमध, बारीकसा श्री काढून दाखवला होता. "कोरा पान देवाच्या नावाशिवाय सुरू करूचा नाय," असं ते म्हणायचे. ते गेले, सवय राहिली. अभ्यासिकेत मी निकालपत्रं लिहिण्याचा सराव करायची. वादी काय म्हणतो, प्रतिवादी काय म्हणतो, पुरावा काय सांगतो आणि शेवटी आपला निकाल. त्या शेकडो पानांवर श्री असायचा. हात तो आपोआप काढायचा, मला कळायचंही नाही.

यावेळी पूर्वपरीक्षा पास झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा मुख्य परीक्षेला बसले. पूर्वपरीक्षेत नुसते गोळे काळे करायचे असतात, इथे पानंच्या पानं लिहायची होती. अंधेरीच्या एका कॉलेजात केंद्र होतं. पेपरआधी सूचना वाचून दाखवल्या. उत्तरपत्रिकेत स्वतःचं नाव, सही, देवाचं नाव, कुठलंही धार्मिक चिन्ह लिहायचं नाही, लिहिलं तर उत्तरपत्रिका बाद. मी हे नीट ऐकलं. मान डोलावली. इतकंच नाही, शेजारच्या बाकावर ठसठशीत गंध लावून बसलेल्या मुलीकडे बघून मनात म्हटलं, ही बाई नक्की काहीतरी लिहून ठेवणार!

तीन तासांचा पेपर होता. सगळ्यात जास्त गुणांचा खटला आधी घ्यायचा असं मी ठरवलं होतं. गोरेगावच्या एका खोलीवरून दोन भावांचं भांडण होतं. धाकट्याने कुलूप तोडून खोली बळकावली असं थोरल्याचं म्हणणं. मी झपाट्याने लिहीत सुटले. थोरल्याच्या बाजूने निकाल दिला, वर धाकट्याला चार खडे शब्दही सुनावले. पुढच्या प्रश्नाला हात घालणार तेवढ्यात वर्गावरच्या पर्यवेक्षक बाई माझ्यापाशी थांबल्या. साठीकडे झुकलेल्या, चष्मा नाकावर. त्यांनी माझ्या पानाच्या वरच्या टोकाला बोट ठेवलं.

"हे काय गं? सूचना ऐकल्यास ना तू?"

त्या काय दाखवतायत ते मला आधी कळेचना. मग दिसलं. मी मागचं पान उलटलं, तिथेही होता. त्याच्या मागच्यावरही. अकरा पानं, अकरा श्री. माझ्या कानात एकदम दडे बसले. समोरच्या पंख्याचा आवाज बंद झाला, बाईंचे ओठ हलताना दिसत होते पण शब्द येत नव्हते. कायद्याची पदवी, आठ वर्षांची वकिली, आणि न्यायाधीश व्हायला निघालेली मी समोर वाचून दाखवलेला साधा नियम ऐकून, समजून, अकरा वेळा मोडून बसले होते. एखाद्या अशिलाने असं केलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

केंद्रप्रमुख आले. खोडलं तर चालेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "खोडलेलंपण दिसतं ना मॅडम. नवीन उत्तरपत्रिका देतो, ही रद्द करून पाकिटात जाईल. पण टाइम वाढवून नाही मिळणार." पेपर सुरू होऊन एक तास दहा मिनिटं झाली होती. माझी अकरा पानं त्यांनी आडव्या रेघा मारून माझ्यासमोरून उचलली. ज्याचं नाव लिहिलं त्यानेच केसाने गळा कापला, असं मला त्या क्षणी स्वच्छ वाटलं, आणि ते मी इथे लपवत नाही. उठून घरी जावं असं वाटत होतं. पण पाय उचलेनात, म्हणून बसून राहिले, यात शौर्य काही नव्हतं.

नव्या उत्तरपत्रिकेवर लिहायला गेले तर खटल्यातली नावंही आठवेनात. डोकं साफ रिकामं. म्हणून प्रश्नपत्रिका पहिल्यापासून वाचायला घेतली. थोरल्या भावाची उलटतपासणी पानाच्या तळाशी संपत होती. संपत होती असं मी तासाभरापूर्वी धरून चालले होते. घामेजल्या बोटाने कागद नुसता सरकवला तर तो उलटला, आणि मागच्या बाजूला उलटतपासणी पुढे चालूच होती. तिथे थोरला स्वतःच्या तोंडाने कबूल करत होता की आई त्याच खोलीत अंथरुणाला खिळली तेव्हा तिला बघायला म्हणून त्यानेच धाकट्याला किल्ली दिली होती. कुलूप कुणी तोडलंच नव्हतं.

मी पुन्हा वाचलं. ती अकरा पानं उचलली गेली नसती तर मी हे पान उलटलंच नसतं. एका भावाचं अर्धंच ऐकून मी दुसऱ्याला आईच्या उशापासून उठवून रस्त्यावर काढलं होतं, आणि तेही देवाचं नाव घालून. आधीच्या धक्क्यापेक्षा हा धक्का मोठा होता. माझा श्री मला नडला म्हणून मी रडत होते, आणि त्यानेच माझा हात धरला होता.

मग लिहायला लागले. दर नव्या पानाला हात सवयीने वर जायचा आणि मी तो खाली आणायची. प्रत्येक वेळी आत काहीतरी तुटायचं. पाचव्या-सहाव्या पानाला मात्र मनात एवढंच आलं, आता माझ्याकडे काही नाही, नावसुद्धा नाही, तुला काय करायचं ते कर. त्यानंतर पेन थांबलं नाही. अक्षर मुंग्यांसारखं झालं, पण शेवटचं वाक्य संपलं तेव्हाच घंटा झाली.

दुपारचा पेपर देऊन बाहेर पडले तर त्या बाई फाटकाशी रिक्षाची वाट बघत होत्या. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. "अगं, सकाळी मढहून निघताना मीपण चर्चमध्ये मेणबत्ती लावूनच येते ना," त्या म्हणाल्या. "पण वर्गात शिरले की गळ्यातला क्रूस आत टाकते. पोरांना वाटायला नको, ही टीचर कोणाची." रिक्षा आली, त्या गेल्या. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

घरी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती हाय खाईल. ती तांदूळ निवडत होती, तिने सूप खालीही ठेवलं नाही. "मगे? तो काय लिवलेला वाचता?" ती म्हणाली. "तेका गाऱ्हाणी ऐकूची सवय असा."

मुलाखतीनंतर निवडीच्या यादीत माझं नाव आलं, तळाकडे, पण आलं. याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. पर्यवेक्षक बाईंनी आपलं काम केलं, मी एक पान उलटलं, एवढंच घडलं. इतकं मात्र मला कळलं की मी देवाला इतकी वर्षं पानाच्या माथ्यावर बसवून खालचं सगळं माझ्याच मर्जीने चालवत होते. त्याने स्वतःचं नाव काढून घेतलं आणि मला कामाला लावलं. ही कृपा मी मागितली नव्हती. मागायची अक्कलही नव्हती.

न्यायाधीश म्हणून तालुक्याच्या कोर्टात रुजू झाले, तर पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी साक्षीला उभी राहिली. शपथ घ्यायच्या आधीच तिने देवळात जोडावेत तसे हात जोडले, कपाळ कठड्याला टेकवलं आणि म्हणाली, "बाई, आता तूच माझा देव." मी हादरलेच. मनात म्हटलं, रवळनाथा, हा नमस्कार तुझा आहे, तुझा तू घे. आणि तिला म्हटलं, "आजी, हात खाली घ्या. सावकाश सांगा. तुमचं सगळं ऐकेन, आणि मग समोरच्यांचंही ऐकेन."