गाठीपाशी मंदावणारा खराद

भूतबीत, संचार वगैरे गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा सांगायला जाणारा माणूस. अख्खी नोकरी मोटरी दुरुस्त करण्यात गेली. मोटर थांबली तर कारण असतंच, आपल्याला सापडत नाही इतकंच... असं मी लोकांना ऐकवायचो. तरी हे लिहितोय, कारण घरात कोणाजवळ बोलायची हिंमत होत नाही.

माझे बाबा उमरेडला लाकडाचा खराद चालवायचे. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी. तेव्हा मोटर नव्हती. मागे एक मोठं लोखंडी चाक असायचं, ते फिरवलं की पट्ट्यावर लाकूड फिरायचं. बाबा फिरत्या लाकडावर पटाशी धरून ते कातायचे आणि चाक माय फिरवायची. स्वयंपाक आटोपून उभी राहायची ती संध्याकाळपर्यंत. पण लोक म्हणायचे काय – बाबांच्या हातात जादू आहे.

बाबा गेल्यावर खराद गंजत पडला होता. रिटायर झाल्यावर तो मी नागपूरला आणला, मागच्या शेडमध्ये मांडला. माय माझ्याजवळच राहायची. गंज काढला, बेअरिंग बदलल्या. पटाशी टेकवायची पट्टी गायब होती, ती वेल्डरकडून करून घेतली. मोठ्या चाकाची लाकडी मूठही हरवली होती. ती मी केलीच नाही. चाकच काढून भिंतीला लावलं आणि अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर बसवली.

माय शेडच्या दारात येऊन बसली. म्हणाली, "चाक काहून काढलं गा?"

"मोटर आहे ना माय. आता कोण फिरवते?"

"मूठ लाव. मले एकदा फिरवू दे."

"खांदा धरून बसशील मग. राहू दे."

नंतर एक जुना मित्र खराद पाहायला आला. मी तासभर बाबांबद्दल सांगितलं, त्यांचा हात, त्यांची नजर. माय तिथेच होती. तिच्याबद्दल मी एक शब्द बोललो नाही. ती उठून चहा करायला गेली.

त्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. धंतोलीतल्या दवाखान्यात सहा दिवस होती. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून विचारलं तिने, "मूठ केली का गा?"

"करतो ना. तू बरी हो आधी."

ती घरी आली नाही.

तेरवीनंतर महिनाभराने, एका सकाळी मी सागवानाचा तुकडा लावला. लाकडात एक गाठ होती. पटाशी गाठीवर अडकली की लाकूड फुटतं, म्हणून जपूनच चाललो होतो. गाठ दोन बोटं लांब असतानाच आवाज खाली आला... खराद मंदावला. गाठ सरली आणि वेग पुन्हा पहिल्यासारखा. वाटलं, व्होल्टेज. पण डोक्यावरचा पंखा तसाच फिरत होता.

दुसऱ्या तुकड्यावर तेच. तिसऱ्यावरही! माझ्यासोबत नोकरी केलेल्या शेंडेला बोलावलं. त्याने मीटर लावला, पट्टा पाहिला, कपॅसिटर बदलला. शेवटी घरून दुसरी मोटर आणून बसवली. खराद गाठीच्या अलीकडे मंदावलाच.

"पट्टा घसरून नाही राहिला, लोडबी नाही," शेंडे म्हणाला. "मले नाही समजत, यार." चहा न घेताच गेला.

दोन दिवसांनी धाकट्या बहिणीचा, विमलचा फोन आला. खराद चालूच होता, मी स्पीकरवर टाकून काम करत होतो. लाकडात गाठ आली, खरादाचा आवाज खाली गेला, आणि बोलता बोलता ती मध्येच थांबली.

"दादा, चाक कोण फिरवून राहिलं?"

"चाक कुठलं? मोटर आहे वं."

"नाही. गाठ आली की माय असंच करे. ते लाकडाकडं पाहेच नाही, नुसत्या आवाजावर हात आवरे. बाबाले सांगाव नाही लागे. तुले माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या घरात राहून नव्हतं.

त्याच दुपारी शिसवाची मूठ कातायला घेतली. हाताला टोचू नये म्हणून घासून घासून गुळगुळीत केली, चाकाला बसवली. चाक खरादामागे त्याच्या जागी लावलं, पट्टा चढवला. मोटर बंद करून बाजूला झालो आणि वेड्यासारखा उभा राहिलो. चाक हललं नाही.

त्यानंतर खराद पुन्हा मोटरवर घेतला. तेव्हापासून तो एकदाही मंदावला नाही. गाठ असो, चीर असो, सपाट एकसारखा चालतो. मूठ काढून पाहिली, परत लावली. काही फरक नाही. आधी काय होत होतं आणि नेमकं तेव्हाच का थांबलं, शेंडेला सांगता येत नाही, मलाही नाही.

विमल म्हणते, मायले पाहिजे होतं ते भेटलं, आता शांत झाली. मला तसं वाटत नाही. मूठ एका दुपारचं काम होतं, आणि तिने ती जिवंतपणी मागितली होती.

आता लाकडात गाठ दिसली की तिथे पोचायच्या आधी मी पटाशी उचलतो आणि कान देऊन थांबतो. मोटर आपली फिरत राहते.