टिकल्यांचं पिस्तूल

देवगाव फाट्यावर मी पत्रकं वाटायचो, भाषणं करायचो, तिथंच एक मावशी फण्या विकायची. संध्याकाळी एकटीच ज्वारीतून घरी जायची आणि एक टगा तिच्या मागं लागायचा. तक्रार केली, तर जमादार हसला. बंदूक तिला परवडणार नाही, परवाना तर पाटलांनाच! मग तिनं दिवाळीचं टिकल्यांचं पिस्तूल घेऊन कमरेला खोचलं.

"मावशी, खेळणं हाय हे!" मी म्हटलं.

"बघ तर लेकरा."

पानपट्टीवरच्या टग्यावर रोखून तिनं घोडा दाबला. ठाप! अख्खा फाटा वळून त्याच्याकडं बघायला लागला. तो समोर दिसली त्या एस.टी.त चढला, तीही गाडी उलट्या दिशेची.

"मारायचं कुणाला हाय? लोकांनी त्याच्याकडं बघावं, बस!"

माझ्या भाषणाला एवढी माणसं कधीच वळली नव्हती. मीही टिकल्यांची डबी घेतली.