कादरचा नट

हे म्या आजवर कोणाच्याच कानावर घातलं नाही. बायको गेली, तिले सांगतलं नाही. पोरं मोठी झाली, त्यांनाही नाही. देवापुढं हात जोडतो तवाही एवढा भाग सोडून बाकीचं बोलतो. देवाले काय ठाऊक नसन? पण लपवायची सवय पडली ना गड्या, ती देवापुढंही सुटत नाही.

नांदुऱ्याच्या ज्या कापसाच्या जिनात मी फिटर होतो, तिथं एक बोलणं होतं. कोणाचं काम कच्चं निघालं, पट्टा सुटला, बोल्ट ढिला राह्यला, की म्हणत, "काऊन बे, कादरचा नट लावला का?" अन् सगळे हसत. पुढं पुढं तं हसणाऱ्यांतल्या अर्ध्यांनी कादर पाह्यलाही नव्हता. मीही हसे. एकदा तं म्या स्वतःच म्हटलं ते, माह्या या तोंडानं.

तो नट कादरचा नव्हता.

थांब, पहिल्यापासून सांगतो. नाही तं मी पुन्हा वळसा घालीन, मले माहा भरोसा नाही.

कादर म्हणजे कासम पिंजाऱ्याचा लेक. बाप गाद्यांचा कापूस पिंजे, लेक इंजिनाच्या नादी लागला. आम्ही दोघं एकाच हंगामात जिनात लागलो. माह्या शिदोरीतली भाकर तो खाये, त्याच्या मायच्या हातचं सालन मी खाये—घरी कळू न देता. तवा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले अन् तिकडं विलायतेत मोठी लढाई पेटली होती. आमच्या गावच्या डॉक्टरसाहेबांकडं एक इटलीची फटफटी होती. लढाईच्या आधी मुंबईच्या कोण्या इटालियन व्यापाऱ्याकडून जुनीच घेतलेली. खेड्यातले रोगी तिच्या आवाजावरून सांगत, आला डॉक्टर. पुढं इटली आपल्या इंग्रज सरकारच्या विरुद्ध लढाईत उतरली, अन् तिचं सामान येणं बंद झालं. एक खिळा मिळे ना. म्हणून ते गाडी आमच्या जिनात घेऊन आले. दुसरं नेणार कुठं?

गाडीत दोन खोड्या होत्या. एक, थंड असली की झटक्यात सुरू होये, तापली की रस्त्यातच मरे. बिडी ओढेपर्यंत थांबलं की पुन्हा सुरू. दोन, पुढचं चाक डुलत होतं. करंटाचं काम कादरनं घेतलं, चाक माह्याकडं आलं.

कादरनं काय केलं, पाह्य. प्लग काढून इंजिनावर ठेवला अन् किक मारली—ठिणगी निळी, झकास. पॉइंट घासले, प्लग बदलला, तरी तापल्यावर तेच. मग ठिणगीचा करंट बनवणारा मॅग्नेटोच खोलून घेतला अन् आमच्या बॉयलरच्या कडेले तापत ठेवला. म्हणे, "रस्त्यावर रुसते न, मंग तिले इथंच रुसवू." तापल्यावर हातानं फिरवला तं ठिणगी गायब! आत एका तारेचा सांधा तडकलेला होता, ऊन झाला की उघडे. त्यानं तो डाग देऊन जोडला, वरून सुताले लाख लावून गुंडाळला. झालं. अन् मग सरकीच्या पोत्यावर बसून माही मजा पाहू लागला.

कामाच्या सुरुवातीलेच त्यानं मले एक थाळी आणून देली होती, घासलेट भरून. "इटलीचे नट यात टाक. आपल्या नटांत मिसळू नको बे, त्यांचे आटे येगळे. आपले इंचाचे, त्यांचे मिलिमीटरचे." ज्याले त्याले तो हेच शिकवे. म्या म्हटलं, "जावयासाठी ताट मांडलं का रे?" अन् थाळी बाजूले सरकवली. चाकाचे छर्रे धुतले, ग्रीस भरलं. आसाचा नट लावायले हात नेला—नट नाही. बाजूलेच सरकीचा ढीग होता, त्यात घरंगळला असन.

सांगायचं होतं ना तवाच? शोधायचा होता ना? पण कादर पोत्यावर बसून चिडवून राह्यला होता, "दादा, चाक बॉयलरवर ठेवू का, लवकर होईन!" जिनाचे शेठ अन् डॉक्टरसाहेब यायचे होते. थाळीची टिंगल म्याच केलेली—आता कोण्या तोंडानं म्हणू, नट हरवला? म्या आमच्या पेटीतला एक इंची नट उचलला. दोन आटे फिरला अन् अडला. पान्याले पाईप लावून दाबला. फिटरचा हात खोटं बोलत नाही, बाप्पा. नट बसतो तवा हाताले एक खूण कळते. ती कळली नाही.

आता आमच्या जिनाचा नेम ऐक. ज्यानं जोडलं, पहिली चाचणी त्यानं घ्यायची. इंजिन असो, पट्टा असो, काही असो—ज्याची जोडणी, त्याचा जीव पहिला. म्हणजे कोणी कच्चं काम करणार नाही. चाक माहं होतं, म्हणजे फेरा माहा होता.

म्या म्हटलं, "माहा गुडघा धरला रे. तू जाय."

"चाक तुहं आहे न बे?"

"करंट तुहाच आहे की."

तो उठला. गाडीवर बसायची हौस होतीच त्याले. टोपी काढून खिशात कोंबली अन् विचारलं, "चाक पक्कं न?"

म्या म्हटलं, "हाव. पक्कं."

तो मरन हे मले ठाऊक होतं का? नाही. त्या चाकावर मी स्वतः बसणार नाही, हे ठाऊक होतं का? होतं. गुडघ्याले तं काहीच झालं नव्हतं.

रेल्वे फाटकाकडं आवाज गेला, अन् एकदम बंद पडला. मले पहिलं काय वाटलं, सांगू? वाटलं, करंट गेला. कादरचंच काम फसलं. अन् मले बरं वाटलं. मित्राच्या मरणाच्या घडीले मले बरं वाटलं, गड्या!

रुळांच्या धक्क्यानं नट उडाला, आस सरकला, चाक निघालं. कादरचं डोकं फाटकाच्या दगडावर. डॉक्टरसाहेब येतच होते, तेच धावले. दिवस मावळायच्या आत तो गेला. हेडमिस्त्रीनं रस्त्यावरचा नट उचलला अन् म्हणाला, "इंची आहे. गाडीवर कोण होता? कादर. म्हणजे जोडणी त्याचीच." जिनाचा नेमच तो, कोण शंका घेईन? तरी त्यानं माह्याकडं पाह्यलं. म्या हाव म्हणून मान हलवली. एक शब्दही बोलावा लागला नाही मले.

खरा नट मग म्या सरकीत पाह्यला. दोन मुठी बाजूले केल्या तं हाती आला. तोच लावून गाडी डॉक्टरसाहेबांले देली. ती पुढं कधीच रस्त्यात मेली नाही, कादरचा डाग पक्का होता. डॉक्टरसाहेब म्हणत, तुह्या हाताले गुण आहे.

पण मी पुढं पळून राह्यलो. खरं सांगायचं ते मागं आहे, मातीच्या दिवशीचं.

जनाजा ठेवला होता. जिनातले सगळे आले होते, खांदा म्याही देला. त्यांच्यात रीत आहे, मातीआधी घरचा माणूस लोकांपुढं उभा राहून मेलेल्यासाठी माफी मागतो. कासमचाचा उभे राह्यले. दाढीत कापूस अडकलेला तसाच. म्हणाले, "माह्या लेकानं कोणाले दुखवलं असन तं आज माफ करा." लोक म्हणाले, माफ, माफ. मग ते चालत माह्याजवळ आले अन् माहे दोन्ही हात धरले.

"बेटा, तू त्याचा यार. साऱ्या जिनाले शिकवलं त्यानं, अन् त्याच्याच हातून असं झालं. तुमच्या कामाले बट्टा लागला. तू मनातून माफ कर त्याले. म्हणजे त्याचं ओझं उतरन."

सगळे पाहून राह्यले होते. कादर तिथंच होता, हाताच्या अंतरावर.

म्या म्हटलं, मोठ्यानं, सगळ्यांले ऐकू जाईन असं, "चाचा, माफ केलं."

त्यांनी माहे हात आपल्या डोळ्यांले लावले.