एका मापट्याला दोन ओंजळी

ठमाबाई गेल्याची बातमी मला सिंगापूरहून कळली. राजूरच्या बाजारात तिची बसायची जागा माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, आणि सांगणारी माझी मुलगी समुद्रापलीकडे. ठमाबाईच्या नातीने तिला मेसेज केला होता. मीनल फोनवर रडत होती. आणि मी, खरं सांगायचं तर, त्या रडण्यावरच जळत होतो... मी गेलो तर ही एवढी रडेल का, हा विचार त्याही वेळी मनात आलाच.

महिना उलटलाय, म्हणून आता लिहितो. मी तीस वर्षं इथल्या कॉलेजात बारावीला अर्थशास्त्र शिकवलं. विदेशी चलनाचा दर हे प्रकरण आलं की वर्गाच्या डोळ्यांवर झापड यायची. डॉलर पन्नासवरून साठला गेला, तर रुपया चढला की उतरला? दरवर्षी निम्मी मुलं 'चढला' असं लिहायची. माझ्या घरातली पोरगीही तेच लिहून आली. मी तिला तीनदा समजावलं, चौथ्यांदा वही आपटली.

ठमाबाई सुकट आणि बोंबील विकायची. माल घाटाखालून यायचा. डोंगरातल्या बायका पैशांऐवजी तांदूळ आणायच्या. मापटंभर तांदळाला दोन ओंजळी सुकट, असा तिचा दर. मी वही आपटली त्या आठवड्याच्या बाजारी मीनल माझ्याबरोबर होती. पावसाने घाट अडला होता आणि ठमाबाई एकच ओंजळ घालत होती. सुकट महागली का, असं मीनलने विचारलं.

"सुकट चढली म्हंजी तुजा भात उतरला, पोरी. येकच गोष्ट हाय ती."

मीनल तिथेच थबकली... वर्षभर फळ्यावर आकृत्या काढून मला जे जमलं नाही, ते भिजलेल्या गोणपाटावर बसलेल्या बाईने एका दमात उरकलं होतं. मग दर बाजारी पोरगी तिच्याशेजारी जाऊन बसायला लागली. घरी येऊन सांगायची, की सुगी झाली की सगळ्याच जणी तांदूळ आणतात, म्हणून तांदूळ उतरतो. घाट बंद पडणार अशी नुसती आवई उठली तरी दर त्याच दिवशी बदलतो, घाट चालू असला तरी. ठमाबाई एक पोतं कायम मागे झाकून ठेवायची. बायकांची झुंबड उडाली की ते सोडायची, मग दर जरा जागेवर यायचा. रिझर्व्ह बँक डॉलर विकते ती अशीच ना, असं मीनल जेवताना विचारायची. मी 'हं' म्हणून भाकरी मोडायचो. तिचं बरोबर होतं, म्हणूनच घास गोड लागत नव्हता.

एकदा ठमाबाईने मलाच विचारलं, "सर, डालर म्हंजी सुकट का भात?"

प्रश्न इतका नेमका होता की माझ्या पोटात दुखलं. मी म्हणालो, "ते तुम्हाला नाही कळायचं, ठमाबाई." ती नुसती हसली. शेजारी बसलेल्या मीनलने तिला सांगितलं, सुकट, मावशी, ती बाहेरून येते. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ते अजून सलतं. ठमाबाई मात्र त्यानंतरही मला तितक्याच आदराने 'सर' म्हणायची, आणि मला त्याचाही राग यायचा.

दहावा झाल्यावर बाजारात गेलो. त्या जागी तिची सून वजनकाटा घेऊन बसली होती, सगळा रोखीचा व्यवहार. मीनलला ठमाबाईचं ते तांदूळ मोजायचं मापटं हवं होतं, म्हणून विचारलं.

"न्या की सर, आमाला काय काम न्हाई त्याचं. सासूबाई तुमचं लई नाव काढायच्या. सर पोरीला हितं बसू देत्यात, आडवं येत न्हाईत, म्हनायच्या."

आडवं यायचं किती वेळा मनात आलं होतं, ते त्या बिचारीला ठाऊक नव्हतं. मी मान खाली घालून मापटं पिशवीत टाकलं.

परवा रुपया घसरला. मीनल सिंगापूरच्या बँकेत चलनाचेच व्यवहार बघते, तिथे दिवसभर तीच धावपळ. संध्याकाळी तिचा फोन आला, मावशी काय म्हणाली असती, बाबा? मी म्हणालो, घाट अजून बंद झालेला न्हाई, नुसती आवई हाय. पोतं सोडलं की बायका थांबतील. 'हाय' तोंडात कुठून आलं, कुणास ठाऊक. माझं बोलणं मध्येच न तोडता तिने पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, मापटं मिळालं का.

ते माझ्या टेबलावर आहे, पुस्तकांच्या शेजारी. कितीही धुतलं तरी सुकटीचा वास जात नाही.

"शोधतोय," मी म्हणालो.