आत्यांच्या कॉम्प्युटरचा आजचा नंबर

घरात एकटं राहायचं आणि तरी घरच्या कॉम्प्युटरला पासवर्ड लावायचा, तोही रोज सकाळी उठून बदलायचा, असला उद्योग करणारी बाई अख्ख्या मराठवाड्यात एकच असणार, आणि नेमका मी तिच्याच घरात भाड्यानं राहत होतो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. उस्मानपुऱ्यातलं बैठं घर, गच्चीवर पत्र्याची एक खोली. खाली आमच्या घरमालकीणबाई, वर मी. गल्ली त्यांना आत्या म्हणायची. ज्याच्या त्या खऱ्या आत्या होत्या तो एकुलता एक भाचा पुण्यात राहायचा आणि वर्षातून एकदा, तेही जमलं तर, तोंड दाखवून जायचा. लग्न त्यांनी केलं नव्हतं. 'राहून गेलं' एवढंच म्हणायच्या, जसं आपण दळण आणायचं राहून गेलं म्हणतो.

नोकरी मात्र त्यांनी मन लावून केली, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटरची. पूर्वी परगावी फोन लावायचा तर आधी एक्स्चेंजमधल्या बाईला गाव आणि नंबर सांगावा लागे, मग ती तिकडच्या बाईला सांगे, आणि आपण फोनजवळ खुर्ची ओढून वाट बघत बसायचं. अर्जंट कॉल लवकर लागायचा, ऑर्डिनरीला दुपारची संध्याकाळ व्हायची, आणि तीन मिनिटं झाली की बाई मध्ये बोलायची. पुढं थेट नंबर फिरवायची सोय आली, लोक परस्पर बोलायला लागले, आणि आत्यांना बिलांच्या टेबलावर नेऊन बसवलं. निवृत्त झाल्या, पण कॉल जोडायचा तो बोर्ड काही त्यांच्या अंगातून गेला नाही. दार वाजलं की आतून प्रश्न यायचा, "अर्जंट की ऑर्डिनरी?" दूधवाला हुशार, तो रोज अर्जंट म्हणायचा. गणपतीच्या वर्गणीवाल्यांनी एकदा सभ्यपणानं ऑर्डिनरी म्हटलं, तर बिचारे ओट्यावर ताटकळत बसले. एखादा पाहुणा जावयाचं कौतुक ताणायला लागला की, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" असं इतक्या मंजुळ आवाजात विचारायच्या की तो मुकाट चपला शोधायला लागायचा.

आणि माणसाला नाव नसतं, गाव असतं, हा त्यांचा पक्का समज. एक्स्चेंजमध्ये त्या जन्मभर 'हॅलो पैठण, हॅलो कन्नड' करत आलेल्या, त्यामुळं गल्लीतसुद्धा तेच. माझ्या बापाची मेंढरं गंगापूरकडची, म्हणून मी गंगापूर. समोरच्या घरातला रिक्षावाला खुलताबादचा, म्हणून तो खुलताबाद. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे. "गंगापूर, पाणी आलंय रे," अशी त्यांची हाक जिन्याखालून आली की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, दुष्काळात ही एवढी मोठी बातमी आपल्याला कशी कळली नाही.

कारण दिवस खरंच दुष्काळाचे होते. खेड्यातलं माणूस शहरात येत होतं, आणि शहर बायपासकडं पसरत होतं. प्लॉट पडत होते, बंगले उठत होते, नळ मात्र रुसलेला. अशा दिवसांत भाच्यानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना आत्यांकडं पाठवून दिला. त्याला अडगळ झाली होती, इकडं गल्लीला लॉटरी लागली. इंटरनेट तेव्हा कुणाच्या घरात होतं? आत्यांकडं मात्र टेलिफोन खात्याची लाईन होती. भरतीचे फॉर्म, रेल्वेचं तिकीट, पोरांचे निकाल, सगळं आत्यांच्या बैठकीत. दार उघडं, कॉम्प्युटर उघडा. कुणीही यावं, बसावं. आत्या शेजारी दिवाणावर लसूण सोलत बसायच्या आणि येणाऱ्याला खोदून खोदून विचारायच्या. लोक एक डोळा पडद्यावर ठेवून 'हं, हं' करायचे, पण करायचे.

त्यातच एक दुपार अशी आली की आत्यांचा डोळा लागला. खुलताबाद पोरीचा बारावीचा निकाल बघायला आला. आत्या झोपलेल्या बघून भला माणूस पाय न वाजवता आत शिरला, निकाल बघितला, पोरगी पास झालेली बघून मनातल्या मनात नाचला असेल, आणि तसाच हळूच निघून गेला. जाताना पंखा बंद करायचा तेवढा विसरला. आत्या उठल्या, तर रिकाम्या खुर्चीवर पंखा फिरतोय. पोरगी पास झाल्याचं त्यांना संध्याकाळी दूधवाल्यानं सांगितलं.

मी कामावरून आलो तर त्या जिन्यातच उभ्या. "गंगापूर, अर्जंट," म्हणाल्या. "त्या मशीनला कुलूप लावता येतं का?"

"येतं की. पासवर्ड म्हणतात. पण आत्या, त्यात हाय काय? पत्त्यांचा डाव आन् भाच्याच्या लग्नाचे फोटो. चोर कशाला येतोय ते न्यायला?"

"चोरासाठी कोण लावतंय? चोर निदान भांडं पाडून मला उठवेल तरी. माझ्या घरात पोरगी पास झाली, आणि मला ते दूधवाल्याकडून कळावं?" एवढं बोलून त्या आत गेल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की या बाईला दिवसभर कुणीतरी बोलायला लागतं, आणि ते कुणी नसतं.

त्याच उन्हाळ्यात गल्लीतल्या झाडून सगळ्या हौदांना कुलपं लागली. रात्रीतून पाणी चोरीला जायला लागलं होतं, ड्रमसुद्धा साखळीनं बांधलेले. आत्यांचा अंगणातला हौद तेवढा मोकळा. रोज सकाळी त्याची पातळी थोडी उतरलेली असायची. मी बाजारातून कुलूप आणलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. "आत्या, तुमचं म्हणजे उलटंच हाय सगळं. लोक पाण्याला कुलूप लावतात, तुम्ही कॉम्प्युटरला लावता."

"अरे, पाणी न्यायला येतो त्याला लाज वाटते," त्या म्हणाल्या. "त्यानं मला न भेटताच न्यावं. कॉम्प्युटरवाल्याला कसली लाज? त्यानं भेटून जावं." कुलूप मला परत केलं. ते मी माझ्या पत्र्याच्या खोलीला लावलं.

मग सुरू झाला आत्यांचा खरा कारभार. पासवर्ड त्यांच्या भाषेत 'नंबर'. आजचा नंबर म्हणजे आजचं गाव, जुन्या बोर्डावरच्या क्रमानं; पण बोर्डावर गावं इतकी की क्रम काही कुणाच्या ध्यानात यायचा नाही. नंबर मागायला आलेल्यानं आधी बसायचं, चहा घ्यायचा, घरचं सगळं सांगायचं. सासूचा गुडघा, पोराची नोकरी, टँकर कुठल्या गल्लीत आला आणि कुणाचं कुणाशी भांडण झालं, इथपर्यंत. सगळं सांगून झालं की आत्या ताठ बसायच्या, घसा साफ करायच्या, आणि एक्स्चेंजच्या आवाजात सुरू करायच्या, "घ्या. पी फॉर पुणे, ए फॉर अकोला, आय फॉर इंदूर, टी फॉर तासगाव..." खुलताबाद कपाळाला हात लावायचा. "आत्या, अपनेच घर के डब्बे को ताला काइकू? पॅसेंजर खडा है मेरा बाहर." त्याला त्या शांतपणे म्हणायच्या, "त्यालाही आत बोलाव, चहा घेईल." आणि एकदा खरंच एक अनोळखी पॅसेंजर बैठकीत बसून चहा पिताना मी बघितला. लासूरचा निघाला. पुढं उस्मानपुऱ्यात आला की हा लासूर आत्यांना भेटल्याशिवाय जायचा नाही. गल्ली कुरकुर करायची, पण एखाद्या दिवशी गेलं नाही तर चुकल्यासारखंही तिलाच व्हायचं.

मग पाऊस झाला, नळ जरा सुधारला, आणि बघता बघता इंटरनेट मोबाईलमध्ये आलं. ज्याचा त्याचा निकाल ज्याच्या त्याच्या खिशात. गल्लीतली घरं पाडून तिथं क्लासेस आणि दुकानं झाली. खुलताबाद मुलाच्या नव्या घरी राहायला गेला. माझंही लग्न झालं, मी बायपासपलीकडं फ्लॅट घेतला. तिथं शेजारच्या दारावरची पाटी वाचून मला शेजाऱ्याचं आडनाव कळलं, अजून तेवढंच माहीत आहे. घरात आमच्या प्रत्येकाच्या मोबाईलला वेगळं कुलूप, आणि संध्याकाळी सगळे आपापलं कुलूप उघडून गप्प बसतो.

मागच्या पावसाळ्यात आत्यांचा फोन आला. "गंगापूर, ऑर्डिनरी आहे, घाई नको. पण येऊन जा."

गेलो. घर दोन दुकानांच्या मध्ये चेपून बसलेलं. आत्या वाळल्या होत्या, आवाज तेवढा तसाच होता. कॉम्प्युटरवरचं फडकं काढून म्हणाल्या, "तो पासवर्ड काढून टाक बाबा."

"का? काय झालं?"

"रोज सकाळी मी बदलते. दुसऱ्या दिवशी मीच टाकते आणि मीच पुन्हा बदलते. परवा विसरले. पूर्वी विसरले असते, तर गल्लीत कुणालाही विचारलं असतं. परवा दारात जाऊन उभी राहिले, तर विचारायला कुणी नव्हतं." फडक्याची घडी घालत म्हणाल्या, "दुपारी आठवला म्हणा. पण आता नको. येतच नाही कुणी, तर अडवायचं कुणाला?"

मी कॉम्प्युटर सुरू केला. जुनं मशीन, घरघर करत उठलं आणि पासवर्ड मागत थांबलं. तो काढून टाकायला मला किती वेळ लागणार होता? पण मी कीबोर्ड बाजूला सारला.

"आत्या," मी म्हटलं, "ते नंतर बघू. मला आधी आमचं लाईटबिल बघायचंय. आजचा नंबर काय?"

माझा मोबाईल शर्टाच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावत होता. आत्यांनी त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"अर्जंट की ऑर्डिनरी?"

"ऑर्डिनरी."

"मग बस," त्या म्हणाल्या. "लागायला वेळ लागेल."

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि आत गेल्या. मी खुर्ची ओढून बसलो. आतून गॅस पेटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ आत्या तिथूनच विचारायला लागल्या, यंदा गंगापूरकडं पाऊस कसा आहे.