हातभर वर

धाकट्या भावाच्या होडीत बसून मी त्याच्या मासे दाखवणाऱ्या यंत्राचा पडदा बघत होते. धरणाच्या पाण्यात एक मासा ठिपक्यासारखा स्थिर होता आणि त्याच्या वर गळाचं आमिष लोंबत होतं.

"अरे, अजून सोड ना. तोंडाशी जाऊ दे त्याच्या."

"नको ताई. हा मासा वरच बघतो, खाली गेलेलं त्याला दिसत नाही. हातभर वर ठेवायचं."

ठिपका हळूच वर सरकू लागला. आई लाडवांचा डबा असाच वरच्या फळीवर ठेवायची. शाळेतून आलो की आम्ही दोघं माना वर करून तिची वाट बघायचो.

आई वारल्यावर मी तिचं स्वयंपाकघर आवरायला गेले, तेव्हा सवयीने मान वर केली. फळी माझ्या खांद्याशी होती.